दुपारच्या माद्या

देवमासे परत आले आणि गावाला त्यांच्याविषयी एकदम उमाळा दाटून आला. ज्या गावातली निम्मी घरं त्यांच्या चरबीवर उभी राहिली, ते गाव आता टी-शर्टवर त्यांचं चित्र छापून मिरवतं. आमच्या तोफ्याचंच बघा. कारखान्याच्या बोटीवर हा माणूस हार्पूनची तोफ चालवायचा. अकरा सीझन त्यानं दुसरं काही केलं नाही. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो पर्यटकांच्या बोटीत सगळ्यांत पुढे उभा राहतो, फवारा दिसला की छातीवर हात ठेवतो आणि म्हणतो, "या जिवांवर माझं फार प्रेम." बायका डोळे पुसतात. प्रेम होतंच म्हणा. फक्त तेव्हा ते पन्नास पावलांवरून दाखवायची पद्धत होती.

मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. मी त्याच कारखान्यात मोजणीदार होतो. बोटीनं ओढून आणलेला देवमासा धक्क्यावरच्या फळ्यांच्या उतारावर चढवला की नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत फीत धरायची, नर की मादी ते बघायचं आणि वहीत लिहायचं. पस्तीस फुटांच्या आतला मारायला बंदी होती. म्हणून आमच्या व्यवस्थापकांनी फितीचे पहिले दोन फूट कात्रीनं उडवले होते. फीत दोनच्या आकड्यापासूनच सुरू व्हायची आणि तेहतीस फुटी जनावर बसल्या जागी पस्तिशीत पोचायचं. माझं अक्षर मात्र मोत्यासारखं. खोटं लिहायचं तर निदान वाचता यावं, असं माझं मत होतं.

कारखाना बंद झाला त्याला शेहेचाळीस वर्षं झाली. त्याच वर्षी माझी मुलगी जन्मली, आणि तीही मोठी होऊन काय करते, तर देवमासे मोजते. प्रत्येकाच्या शेपटीखालची नक्षी वेगळी असते म्हणे. ही बोटीतून जाऊन शेपट्यांचे फोटो काढते आणि घरी येऊन जुन्या फोटोंशी ताडून बघते. तिच्या कॉम्प्युटरमध्ये एकोणीसशेच्या वर शेपट्या आहेत. त्यातली कुठली कोणाची हे ती झोपेतही सांगेल. शेजारच्या बाईचं नाव मात्र तिला वीस वर्षांत पाठ झालेलं नाही.

आता, आज देवमासे किती आहेत एवढं कळून भागत नाही. पूर्वी किती होते हे कळलं तर सावरले की नाही ते कळणार. आणि पूर्वी किती होते हे कळायला, मारले किती ते कळायला हवं. ते लिहिलेलं होतं माझ्या वह्यांत. तीन वर्षांपूर्वी तिला त्या नगरपालिकेच्या कोठीत सापडल्या. घरी आली ती हसतच.

"बाबा, तुमच्या वेळचे देवमासे फारच शिस्तीचे हो. एकसुद्धा पस्तिसाच्या आत नाही!"

मी तिला फितीची गोष्ट सांगितली. ती पोट धरून हसली आणि सगळ्या लांब्यांमधून दोन-दोन फूट वजा करून मोकळी झाली. मग तिनं विचारलं, "लांबीचं जाऊ द्या. डोकी तरी बरोबर आहेत ना?"

"बरोबर," मी म्हणालो.

इथेच मी माती खाल्ली. कारण डोकी बरोबर नव्हती.

सांगतो. पिल्लाला दूध पाजणारी मादी मारायला सक्त मनाई होती आणि ते बघायला सरकारचा एक निरीक्षक कारखान्यात बसवलेला होता. माणूस सज्जन. पण त्याला एक ते चार व्यवस्थापकांच्या बंगल्यावर जेवण आणि वामकुक्षी लागायची. मग अशी मादी सापडली की बोट तिला खडकामागे बांधून ठेवायची. एक वाजला, निरीक्षक बंगल्यावर गेला, की तिला उतारावर घ्यायचं. चार वाजेपर्यंत ती कढईत. फीत नाही, वही नाही. आम्ही तिला 'दुपारची' म्हणायचो. "आज एक दुपारची आहे," एवढं म्हटलं की सगळे भराभर जेवून घ्यायचे. मला लिहायचं काही नसायचं, म्हणून माझ्या हातात पाण्याची नळी द्यायचे. कापताना दूध सांडायचं. बादल्यांनी. देवमाशिणीचं दूध लोण्यासारखं घट्ट असतं, पाण्यानं हटत नाही. फळ्या पांढऱ्याफटक व्हायच्या आणि मी चारच्या आत त्या खराट्यानं घासून काढायचो.

हे मी तिच्या आईलाही कधी सांगितलं नव्हतं. मुलीला कुठल्या तोंडानं सांगू? ती चारचौघांत सांगायची, बाबांची वही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. जन्मात एकदा कुणी माझ्याविषयी असं बोललं होतं, आणि ती माझीच पोर.

तिचा हिशेब पूर्ण झाला आणि उत्तर आलं, पूर्वी होते त्याच्या पंच्याण्णव टक्के. म्हणजे सावरले. नगराध्यक्षीणबाईंना आनंदाचं भरतं आलं. त्याचं कारण देवमासे नव्हे. ते सावरले असं एकदा कागदावर आलं की उन्हाळ्यात खाडीतल्या बोटींना वेगाची जी मर्यादा आहे ती उठणार होती, आणि बाईंच्या भावाच्या चार बोटी आहेत. शनिवारी अकरा वाजता सभागृहात आकडा जाहीर करायचं ठरलं. वर मला पितळी पाटी देणार होते. तिच्यावर कोरलं होतं, 'अचूक नोंदींबद्दल'.

त्या सकाळी मुलगी स्वयंपाकघरात माझ्या सदऱ्याला इस्त्री करत होती. कॉलरवरून तिनं ती तीनदा फिरवली.

"बाबा, तुमच्यामुळे झालं हे."

सांगून टाकावं असं दहादा मनात आलं. प्रत्येक वेळी मी चहा ढवळला.

सभागृहात पहिल्या रांगेत मी आणि तोफ्या. तोफ्यानं इतकं अत्तर फासलं होतं की मागची रांग शिंकत होती. मी त्याच्या कानाशी लागलो. "दुपारच्यांचं काय करायचं?"

"कुठल्या दुपारच्या?" तो समोर बघत म्हणाला. "मला काही आठवत नाही. तुलाही आठवत नाही. गप बस आणि पाटी घे."

मुलगी बोलायला उभी राहिली. पडद्यावर शेपट्या दिसल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिनं एक फोटो दाखवला: पाण्याच्या वर तरंगत झोपलेली मादी, अंगाला चिकटलेलं पिल्लू. उन्हाळ्यात खाडीत येतात त्या बहुतेक याच, ती म्हणाली. पिल्लाला पाजून दमतात आणि अशा वरच झोपतात, म्हणून बोटींखाली सापडतात त्याही याच. वेगाची मर्यादा होती ती यांच्यासाठी. आता आकडाच इतका चांगला आहे की आपण तिच्याशिवायही निभावू.

वहीत मारलेल्या कमी, म्हणून पूर्वीचा आकडा लहान, म्हणून आजचा पुरेसा. तेव्हा वहीत लिहिल्या नाहीत त्या ह्याच होत्या, आणि त्या लिहिल्या नाहीत म्हणून आता परत ह्यांच्याच जिवावर उठणार होतो. तेही मोत्यासारख्या अक्षरात.

"आणि हा आकडा ज्यांच्या वहीवर उभा आहे," मुलगी म्हणाली, "ज्यांनी एकही डोकं चुकवलं नाही..."

मी उभा राहिलो. तोफ्यानं माझ्या पायावर बुटाची टाच दाबली. बूट नवा होता, लागलं.

"चुकवलं," मी म्हणालो. "पुष्कळ चुकवली."

नगराध्यक्षीणबाईंना वाटलं आजोबा भावनावश झाले. त्या पाटी घेऊन लगबगीनं पुढे आल्या. मी पाटी त्यांच्याच हातात राहू दिली आणि निरीक्षकाच्या वामकुक्षीपासून खराट्यापर्यंत सगळं सांगितलं. माणसं आधी हसली. वामकुक्षीला तर चांगलाच हशा पिकला. दुधापाशी आलो तेव्हा हसणं थांबलं. तोफ्या उठून बाहेर गेला, जाताना म्हणाला, "म्हाताऱ्याला चळ लागलाय." पण त्याच्यामागे कुणी गेलं नाही.

मुलीनं पडद्यावरचा फोटो बंद केला. मग माइकमध्ये एवढंच म्हणाली, "आज आकडा जाहीर होणार नाही. जागेवर बसून राहू नका, बाहेर चहा आहे."

तिनं मला सभागृहामागच्या खोलीत नेलं. एक टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात रचलेले माइकचे स्टँड. तिनं कोरा कागद पुढे ओढला. रडेल, ओरडेल असं मला वाटलं होतं. ते परवडलं असतं.

"किती?"

"बेटा, मला तेव्हाच सांगायला हवं होतं. तू इतक्या कौतुकानं..."

"किती ते सांगा."

बाबा म्हणाली नाही.

"मोजल्या नाहीत कधी," मी म्हणालो. "त्या मोजायच्या नव्हत्याच."

"अंदाजे?"

"दोनशे सहा," मी म्हणालो आणि माझा मीच दचकलो. आकडा जिभेवर तयार बसलेला होता. हातात नळी होती, फीत नव्हती, तरी आत कुठेतरी मी अकरा सीझन मोजतच होतो. जन्म मोजण्यात गेलेल्या माणसाला न मोजणं जमत नाही.

तिनं कागदावर २०६ लिहिलं. "आणि पिल्लं?"

"पिल्लांना नाही हात लावला आम्ही," मी ताठ होऊन म्हणालो. निदान एवढं तरी माझ्या बाजूचं होतं. "एकालाही नाही. तोफ्यानं पिल्लावर कधी तोफ धरली नाही, विचार त्याला. ती तशीच पाण्यात सोडून द्यायचो."

"मग ती पीत काय होती?"

शेहेचाळीस वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. बोटीमागोमाग ती पार धक्क्यापर्यंत यायची, हे आठवलं. दोन-तीन दिवस उताराशी घुटमळायची. मग दिसेनाशी व्हायची, आणि आम्ही म्हणायचो, गेली एकदाची. मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती.

तिनं २०६ खोडलं आणि शेजारी ४१२ लिहिलं.