फळांचा वास

धाकट्या भावाची तीन बोटं प्रेस मशिनखाली गेली आणि ‘चूक कामगाराचीच’ म्हणत कारखान्याने त्याला घरी बसवलं, तेव्हा थोरल्याने, म्हणजे तिथल्याच फिटरने, फाटकासमोर सतरंजी अंथरली. भावाला कामावर घेईपर्यंत पाण्याशिवाय काही घेणार नाही, म्हणाला. सुरुवातीला पोटात कावळे ओरडले, मग तेही थकले. दुसऱ्या आठवड्यात गालफडं बसली आणि उठताना भिंतीचा आधार लागू लागला.

कारखान्याचा डॉक्टर सकाळी येऊन त्याचं बोट टोचायचा. मॅनेजर फाटकाआडून मुद्दाम मोठ्याने विचारायचा, “साखर किती?”

“नॉर्मल.”

“ऐका! उपाशी माणसाची साखर म्हणे नॉर्मल!”

कामगारांत कुजबुज सुरू झाली. मांजर डोळे मिटून दूध पितंय, असं कुणीसं म्हणालं. शेजारी येऊन बसणारे हळूहळू येईनासे झाले.

एकदा फिटरने डॉक्टरचा हातच धरला. “साहेब, अन्नाचा कण पोटात नाही. मग ही साखर येते कुठून?”

डॉक्टरने आवाज खाली आणला. “यकृतातला साठा दिवसभरात संपतो. मग यकृत स्वतःच साखर बनवतं. थोडी चरबीतून, बरीचशी तुमच्या स्नायूंतून. साखर फार पडली तर माणूस बेशुद्ध पडेल, म्हणून शरीर घरातलं सामान विकावं तसं मांस विकतं. पुढे मेंदूही चरबीपासून बनलेल्या दुसऱ्या इंधनावर भागवतो, म्हणून जरा तग धरता येतो.”

“मग हे त्यांना सांगा ना!”

“मला आकडा विचारतात, मी आकडा सांगतो,” डॉक्टर म्हणाला आणि बॅग उचलून आत गेला.

संध्याकाळी भाऊ आला. पट्टीतला हात सांभाळत जवळ वाकला आणि एकदम मागे सरला.

“दादा, तुझ्या तोंडाला फळांचा वास येतोय.”

“काय बोलतोस तू?”

“खाल्लं असशील तर खाल्लं. मी कोण बोलणारा? पण निदान मला तरी सांगायचंस.”

चरबी जळताना तसा गोडसर वास श्वासाला येतो. पण ते डॉक्टरने सांगितलं नव्हतं आणि फिटरला ठाऊक नव्हतं. त्याने नुसतं तोंडावर हात धरला.

दुसऱ्या दिवशी भाऊ मॅनेजरला भेटला आणि फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी पदरात पाडून आला. अट एकच होती, उपोषण उठलं पाहिजे. भावाने स्वतःच सतरंजीची घडी घातली. “झालं ना तुझ्या मनासारखं?” तो म्हणाला, पण नजर वर केली नाही.

फिटरला बायकोने रिक्षात घालून घरी नेलं. एकदम पोटभर द्यायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं, म्हणून ती चमचा-चमचा भरवत होती. तेवढ्यात दार वाजलं.

“भावजी आलेत,” ती म्हणाली. “अंगावर नवा गणवेश आहे. आत येऊ का विचारतायत.”

“कामाची वेळ झाली असेल त्याची,” फिटर म्हणाला. “जाऊ दे.”

आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.