वाऱ्यानं घातलेला टेंब

माझी नात अवनी कॉलेजच्या प्रकल्पासाठी गावातले शब्द गोळा करते. परवा वही घेऊन घरापुढच्या खळ्यात बसली.

"आजी, वाऱ्यान साठलेल्या वाळूच्या टेकडीक आपण काय म्हणतो?"

"टेंब."

"ह्यो शब्द इलो खंयसून?"

मी चौथी नापास. पण एवढं मला येतं, कारण ह्याच शब्दावरून मी सासूला हसले होते.

मी मसुऱ्याची. आमच्याकडे टेंब म्हणजे कातळाचा उंचवटा, वर देऊळ बांधावं असा. लग्न होऊन देवबागला आले, तर माझी सासू सुभद्रा घर आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या ढिगाला टेंब म्हणायची. मी म्हटलं, "आये, आमचो टेंब वाऱ्यान उडणा नाय."

ती तिथं माडाची चुडतं, वाळक्या झावळ्या, रोवत होती, उडती वाळू अडून बसावी म्हणून. म्हणाली, "आमची माणसां डोंगराकडसून इली गो. डोंगर काय आणूक गावलो नाय, शब्द तेवढो आणलो. मगे वाऱ्याकडसून डोंगर करून घेतलो."

अवनी भराभर लिहीत होती. "आणि आपलो टेंब वादळात गेलो, असा लिवतंय. बाबा सांगतत तसा."

तिचा बाबा, माझा सत्यवान, तेव्हा मुंबईत नोकरीला होता. त्याला मीच तसं सांगितलं होतं. खरं म्हणजे वादळाच्या आधीच, पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या खोल्यांतून समुद्र दिसत नाही म्हणून मी जेसीबी बोलावला. ऐंशीच्या पुढची सासू ओट्यावरून सांगत होती, "तो ठेव गो." मी चालकासमोर म्हटलं, "म्हातारीक वाळूचो पुळको इलोहा." तो हसला. दुपारपर्यंत सगळं सपाट. वादळात लाट थेट विहिरीत शिरली. पाणी अजून मचूळ आहे. सासू त्याच पावसाळ्यात गेली.

ह्या घरात माझ्या बोलण्याला कोणी आडवं जात नाही. गप्प बसले असते, तरी चाललं असतं.

"ता खोड," मी म्हटलं. "लिव, सुभद्रेच्या सुनेन मोडलो."

"सून म्हणजे तूच मां?"

"मीच. नाव घाल. तुळसा."

तिनं लिहिलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "बाबांक कोण सांगतला?"

सत्यवान विहिरीवर होता. मी उठले. अवनीनं आधाराला हात पुढे केला, तो न धरता विहिरीकडे निघाले.