टिटवीचे तीन रविवार

सहा वर्षांच्या संसारात मला स्वतःचं असं एकच ठिकाण मिळालं, तेही कागदावरचं. १९८६ साल. दर रविवारी दुपारी नेरूळच्या आमच्या सिडकोच्या खोलीत सतरंजी पडायची. सुभाषभावजी, म्हणजे ह्यांचे मित्र, जहाजावर नोकरीला होते. त्यांनी परदेशातून फाशांचा एक खेळ आणला होता. किल्ले, राक्षस, जादू, सगळं तोंडी. ते खेळ चालवायचे आणि आम्ही तिघं खेळायचो: मी, माझे यजमान अरविंद आणि तळोज्याच्या कारखान्यातला देवजी. खेळात मी रूप बदलणारी होते, माझ्या पात्राच्या कागदावर तसं लिहिलेलं होतं. आठवडाभर भाकऱ्या थापताना मी पुढच्या रविवारचे डाव आखत असे.

रूप बदलण्याचे नियम कडक होते. पशुपक्षी झालं की खेळात बोलायचं नाही. परत माणूस व्हायचं तर सोबत्यानं जन्मनावानं हाक मारायची. तीन रविवारांत हाक आली नाही तर रूप कायमचं आणि खेळाडू बाद. ते नाव एरवीही कुणाला सांगायचं नाही. प्रत्येकानं आपापलं जन्मनाव चिठ्ठीवर लिहून भावजींकडे दिलं होतं.

किल्ल्यात शिरायला मी टिटवी झाले.

"टिटवी? काहीतरी शुभ बघायचं!" हे म्हणाले. मी गप्प बसल्यावर म्हणाले, "हा नियम घरी पण लावूया."

देवजी खो खो हसला. किल्ला सर झाला तशी ह्यांनी ऐटीत हाक मारली, "मीना!"

भावजींनी चिठ्ठी पाहिली. "हे नाव नाय."

"नाय म्हणजे? बायको माझी आहे, यार!"

मीना हे नाव ह्यांनी लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहिलेलं. माझं जन्मनाव लग्नपत्रिकेत छापलं होतं, तिचं प्रूफ ह्यांनीच तपासलं होतं. देवजीकडून आशा नव्हती, तो मला वहिनीच म्हणे.

दुसऱ्या रविवारी ह्यांनी मीनल, मीनाक्षी करून पाहिलं. मधल्या दिवसांत एकदा ट्रंक उघडली असती तर पत्रिका वरच होती. मला सांगायची बंदी होती, आणि खरं तर मी सांगणारही नव्हते. बघूच, म्हटलं, ह्या माणसाला आठवतं का. संताप होत होता आणि भीतीही वाटत होती.

तिसऱ्या रविवारी ह्यांनी घड्याळ पाहिलं. "एका नावासाठी किती टाइम खोटी करायचा? ती बाद. पुढे चला."

 भावजींनी माझा कागद फाडला आणि चिठ्ठी ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी वाचलं, "गोजरा."

"हात्तिच्या! हे होय?" हे हसले. "हे तर आपण बदललं होतं की."

आपण! मी पाटावर मान खाली घालून बसले होते, मला विचारलं कुणी होतं? हे मोठ्यानं म्हणायला हवं होतं. आता बंदीही उरली नव्हती.  मी तोंड उघडलं.

"मीना," फासे खुळखुळवत हे म्हणाले, "चहा टाक."

"टाकते," मी म्हणाले आणि उठून स्टोव्ह पेटवला.