स्विचवरचं कुलूप

"हे कुलूप कुणाचं?" साहेबांनी विचारलं. विचारायची काही गरज नव्हती, त्यावर माझा नंबर कोरलेला होता.

लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याआधी आम्ही मेकॅनिक मेन स्विच बंद करतो आणि त्याला आपापलं कुलूप घालतो. चावी आपल्याच खिशात. आपण खाली असताना वरून कुणी वीज सोडू नये म्हणून. काल दुपारी काम आटोपून मी कुलूप न काढताच निघालो. हॉस्पिटलात मास्तरांना ऑपरेशनला आत घेणार होते, त्या घाईत. सहा मजल्यांची लिफ्ट संध्याकाळपर्यंत ठप्प.

"उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले.

चूक माझीच, नाही कशाला म्हणू? पण गेल्या वर्षी पैलवानाने हेच केलं तेव्हा त्याने सगळ्यांना चहा पाजला आणि विषय मिटला. पैलवान म्हणजे आमच्यातला सगळ्यात किडकिडीत मेकॅनिक. मग माझ्याच वेळी आभाळ का कोसळलं? माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. कालच्या रजेच्या अर्जात 'रुग्णाशी नातं' या रकान्यात मी पहिल्यांदाच 'जोडीदार' लिहिलं होतं. आजवर 'आतेभाऊ' लिहायचो. जोडीदार कोण आहे या कारणाने कुणालाही कामावरून काढता येणार नाही, असा नवा कायदा नोटीसबोर्डावर लागला होता. एरवी मी लिफ्टचा पोलादी दोरही दोनदा तपासतो, आणि त्या कागदावर मात्र डोळे झाकून विसंबलो. स्वतःचाच राग आला.

मास्तर हॉस्पिटलच्या खाटेवर होते, पोटाला टाके. गणित शिकवायचे, लोकांसमोर मी त्यांना अहोजाहो करतो, एकटे असलो की अरेतुरे.

"कायदा आहे ना? मग तक्रार कर."

"कायदा भिंतीवर आहे रे."

"मग उतरव की भिंतीवरून."

सोपं बोलले. तक्रार करायची म्हणजे कारण लिहायचं, आणि कारण लिहायचं म्हणजे सगळ्या गावाला सांगायचं. शिवाय साक्षीदार हवा. हीच चूक करून सुटलेला माणूस एकच, आणि तो दोन दिवस माझा फोन उचलत नव्हता.

तिसऱ्या दिवशी पैलवान स्वतःच दारात उभा राहिला. मी त्याला आत घेतलं नाही.

"साहेबांनी पाठवलं?"

"हो. तक्रार करू नकोस म्हणावं, कामाचं चांगलं पत्र देतो म्हणाले."

"वाटलंच मला!"

"अरे, ऐकून तरी घे. त्यांनी पाठवलं हेच सांगायला आलोय. साक्षीला किती वाजता यायचं?"

मी दाराची कडी सोडली नाही. हाही साहेबांचाच डाव असेल तर? तिथे येऊन ऐन वेळी फिरला तर?

"तुमचं ते मला काही कळत नाही बाबा," तो चपलेकडे बघत म्हणाला. "पण कुलूप कळतं. माझंही राहिलं होतं."

तक्रार कार्यालयात तो माझ्याआधी येऊन बसला होता. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी तोंडी सांगितलं, कारकून बाईंनी लिहून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "आता मोठ्याने वाचते. सहीआधी वाचून दाखवायचा नियम आहे." मागच्या बाकावर सहा माणसं बसली होती. मला वाटलं, मुद्दाम करतेय.

बाई नळजोडणीचा अर्ज वाचावा तशा वाचत होत्या. "तक्रारदार व त्याचा जोडीदार एकोणीस वर्षांपासून एका घरात राहतात." बाकावरची कुजबुज थांबली. माझे कान तापले. आयुष्यात हे वाक्य मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"मजकूर बरोबर आहे?"

"नाही. एक चूक आहे."

पैलवानाने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी कच खाल्ली असं त्याला वाटलं असणार.

"पहिली तीन वर्षं मास्तरांनी दुसरीकडे एक खोली भाड्याने घेऊन ठेवली होती," मी म्हणालो. "लोकांना दाखवायला. तिथे कुणीच राहत नव्हतं. एकोणीस खोडा, बावीस करा."

बाईंनी खोडलं, वर बावीस लिहिलं आणि दुरुस्तीशेजारी सही करायला सांगितलं. मी सही केली आणि कागद पैलवानापुढे सरकवला.