डोळे झाकून ऐकलेली फाईट

मित्रांनो, माझा आवाज थोडा खरखरीत येईल, तेवढं सांभाळून घ्या. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. पूर्णा स्टेशनच्या मागच्या गल्लीत, धोंडप्पा आणि उमादेवी या नवराबायकोच्या घरी माझा मुक्काम. धोंडप्पांचं तेव्हा बांगड्यांचं दुकान होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी मला मोठ्या हौसेने नांदेडहून आणलं, बायकोला गाणी ऐकवायला. पण त्या बाईंना गाण्यांत फारसा रसच नव्हता. त्यांना आवडायचं सिनेमातल्या मारामारीचं संगीत!

हसू नका, कारण ऐका. उमादेवींना रक्त बघवत नसे. रविवारी टीव्हीवर सिनेमा लागला आणि हिरोने बाह्या सरसावल्या, की त्या पदराने डोळे झाकून घेत. शेजारी बसलेले धोंडप्पा मारामारी आटोपली की हळूच सांगत, “उमा, उघड डोळे. संपली.” त्यामुळे त्यांनी उभ्या जन्मात एकही फाईट पाहिली नाही, सगळ्या ऐकल्या. ऐकून ऐकून कान असा तयार झाला, की कोण कोणाला मारतंय हे त्या पदराआडून सांगत.

बाजारात कॅसेटी मिळायच्या त्या गाण्यांच्या. फाईटचं म्युझिक कोण विकणार? मग बाईंनी नवऱ्याची शिवभजनांची कॅसेट उचलली, तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड करता यावं म्हणून कोपऱ्यातल्या भोकात कागदाचा बोळा कोंबला, मला टीव्हीसमोर स्टुलावर बसवलं आणि माझं लाल बटण दाबलं. त्या वेळी घरात कुणी खोकायचंही नाही! भजनं पुसली गेली आणि माझ्याकडे फायटीच फायटी जमल्या. दोन फायटींच्या मधे अजूनही चुकार टाळ वाजतो. धोंडप्पा रागावले नाहीत. हसून म्हणाले, “देवाला बी जरा मारामारी ऐकू दे.”

एकदा तर गंमतच झाली. ठोसा बसायला आणि बाहेरून मालगाडीची शिट्टी व्हायला एकच गाठ पडली. रुळाजवळ घर, दुसरं काय होणार! ती शिट्टीही रेकॉर्ड झाली आणि ऐकून ऐकून बाईंना ती सिनेमातलीच वाटू लागली. पुढे तोच सिनेमा परभणीच्या थिएटरात पुन्हा लागला, तेव्हा बाई तो पाहून घरी आल्या त्या गाल फुगवूनच. “शिट्टीच काढून टाकली मेल्यांनी! सगळी मजा घालवली.”

भाकरी थापताना त्या मला लावत आणि त्यांची मतं सुरू होत. मुलगी अनुपमा ऐकायला असेच. “नुसता ढोल बडवला म्हंजे फाईट होती का? ठोसा बसायच्या आधी वाजवणाऱ्यानं जरा गप बसावं. माणूस दम धरतो तसं.” नव्या सिनेमांवर त्यांचा भारी राग. “आता पहिल्यापासूनच शेवटची फाईट असल्यागत वाजवायलेत. लय घाई झालीय ह्यांना.” आणि एक गोष्ट त्या पुन्हा पुन्हा सांगत. “हिरो पडला की ढोल थांबला पाहिजे. पडलेल्या माणसाजवळ कुणीतरी बसाया पाहिजे, बाई. दुसरं कुणी न्हाई तर बासरी तरी.”

मग घरात मोबाईल आला. मी पोटातल्या कॅसेटसकट जुन्या टॉवेलात गुंडाळला जाऊन माळ्यावर पोचलो. उंदरांनी माझी वायर चाखून पाहिली. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं.

खाली त्याहून वाईट चाललं होतं. धोंडप्पांना काचबिंदू झाला. दवाखाने झाले, ऑपरेशन झालं, पण नजर गेली ती गेलीच. दुकान बंद पडलं. हा बोलका माणूस भिंतीकडे तोंड करून बाजेवर बसू लागला. जेवायला वाढलं तर दोन घास, विचारलं तर हूं. अनुपमा सासरहून आली तेव्हा तिने मोठ्या आवाजात सिनेमा लावला. धोंडप्पा म्हणाले, “मला काय दिसायलंय त्यातलं? बंद कर ते.” अनुपमा न्हाणीत जाऊन रडली. उमादेवी रडल्या नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं आणि मला माळ्यावरून खाली काढलं.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बन्सीधरने माझी वायर बदलली, नवा बेल्ट घातला, कापसाने माझं हेड पुसलं. घरी आल्यावर बाईंनी मला थेट बाजेवर, धोंडप्पांच्या पाठीशी ठेवलं.

“अहो, जरा ऐका. डोळ्याचं कामच न्हाई ह्याच्यात. मी जलमभर अशीच बघत आले.”

धोंडप्पा हलले नाहीत. मला धास्ती वाटली. इतक्या वर्षांनी वाजायचं आणि नेमकी फीत अडकली तर? पण चाक फिरलं. आधी टाळ वाजला, मग फाईट सुरू झाली.

भिंतीकडून आवाज आला. “व्हिलन आला वाटतं.”

“कसं वळखलं?”

“जिना उतरल्यागत वाजायलंय की.”

मान थोडी वळली. ढोल वाढले, हिरो पडला, ढोल थांबले आणि बासरी लागली. उमादेवी जवळ सरकून बसल्या. धोंडप्पांचा हात त्यांनी हातात घेतला. पुन्हा ढोल, एक क्षण सगळं गप, आणि मालगाडीची शिट्टी! धोंडप्पा खो खो हसले. कितीतरी महिन्यांनी ते घर हसलं, मित्रांनो. मला तर भरून आलं.

शेवटचा दणका झाला. धोंडप्पा आता पूर्ण वळले होते. त्यांनी चाचपडत बायकोच्या तोंडावर हात नेला. तिथे पदर होता. सवयीने उमादेवींनी डोळे झाकले होते.

“उमा,” ते म्हणाले, “उघड डोळे. संपली.”

आणि त्यांच्या पाठोपाठ माझ्यातूनही तेच शब्द आले, तेव्हा नकळत रेकॉर्ड झालेल्या त्यांच्याच तरुण आवाजात. एका बायकोला दोनदा हाक गेली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांचं मागणं थोडं असतं. धूळ पुसा, बेल्ट बदला, मधूनमधून वाजवत राहा. पण तुमच्या घरात कुणी डोळे झाकून बसलं असेल, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा. आणि फाईट संपली की त्याला सांगायला विसरू नका.