मोडेमचा शटडाऊन

लक्षण

फोनवरून फोन लागेना. बाकी सगळं होत होतं.

दीक्षाचा फोन दुकानात मिळतो तसला नव्हता. कोणती तार कुठून कुठे जाते, याचा नकाशा तो फोन बनवणाऱ्यांनीच सगळ्या जगाला उघडा करून दिला होता. आतला प्रोग्रामही ज्याला वाटेल त्याने बदलावा. कारखान्याच्या कॉलनीत, सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये बसून दीक्षा तो वर्षभर बदलत होती. आणि आज संध्याकाळी पाच वाजता तिला त्यावरून पुण्याला बोलायचं होतं. असेच फोन बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत जागा होती. तिथल्या सीमा मॅडमची अट एकच: "तुमच्याच फोनवरून लावा. आईच्या नको, मैत्रिणीच्या नको. लागला तर पुढचं बोलू."

दुपारचे दोन, आणि मोडेम गायब. मोडेम म्हणजे टॉवरशी बोलणारी चिप. फोनला विचारलं, तुझ्यात काय काय आहे? त्याने कॅमेरे सांगितले, वायफाय सांगितलं, मोडेमचं नावच काढलं नाही.

पहिला संशय

सकाळी तिने अपडेट टाकलं होतं. झालं! कुणीही त्याचीच मानगूट धरली असती. दीक्षाने अपडेट काढून टाकलं. मोडेम आला नाही.

दुसरा संशय, पहिल्याचा सख्खा भाऊ

अपडेट नीट निघालं नसेल. सगळी सिस्टीम पुसली, नवी चढवली. पडद्यावरची हिरवी रेघ गोगलगायीसारखी सरकत होती.

"दुसरा घे ना एखादा," आई दारातून म्हणाली. "तुह्या मामेबहिणीचा एका बोटानं लागते."

"आई, मले फोन घ्याचा नाई, बनवाचा आहे."

"बनव. पर भात निवून राहिला."

भात निवला. सिस्टीम चढली. मोडेम नाही. चार वाजून पाच मिनिटं.

गोष्ट थांबवून, काल रात्रीच्या जेवणाविषयी चार ओळी

बोलताना फोनमध्ये 'झ्झ' असा आवाज येत होता. दीक्षा जेवताना म्हणाली होती, "उद्या मोडेमपाशी सोल्डर मारा लागते." तिचे वडील लहानू, प्लांटच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समधून रिटायर होऊन दोन वर्षं झालेले, "हूं" म्हणाले आणि वरण वाढून घेतलं. सकाळी उठल्यावर दीक्षाचा विचार बदलला: सोल्डर नंतर, आधी अपडेट टाकून पाहू. हे तिने कुणाला सांगितलं नाही. कुणाला कशाला सांगायचं?

झाकण

पाचला वीस कमी असताना तिने सगळ्यात आधी करायची गोष्ट सगळ्यात शेवटी केली. फोनचं झाकण नखाने उचकटलं. झाकणाखाली तांदळाच्या दाण्याएवढे सहा स्विच असतात. एकेक भाग खरोखर बंद करणारे. पहिला मोडेमचा. तो बंद होता. त्यावर लाल टेपचा तुकडा होता, टेपवर बॉलपेनने, मुंगीएवढ्या अक्षरात:

*शटडाऊन. मोडेम. माणूस कामावर आहे. लहानू. सकाळी ६.१०.*

तीन तास! तिला आधी हसू आलं, मग रडू, मग दोन्ही परत गेली.

तिचं नख टेपपाशी गेलं आणि थांबलं. शटडाऊन म्हणजे काम संपेपर्यंत वीज बंद; प्लांटमधली ही रीत बाबांनी घरी आणली होती. या घरात पंखा दुरुस्त करायचा तरी मेन स्विचवर बाबांच्या नावाची टेप लागायची, आणि बाबा स्टुलावरून उतरून ती स्वतः काढेपर्यंत सगळे घामात बसायचे. ज्याचा टॅग, म्हणजे नावाची टेप, त्यानेच काढायचा. दहावीत असताना तिने एकदा ओढून काढला होता, तर बाबा दोन दिवस बोलले नव्हते.

बाबा आत्ता कोहक्याला गेलेले, प्लांटमधले जुने सोबती धोंडबाकाका यांच्याकडे. तिने आईचा फोन उचलला.

"जय भीम, बोल."

"बाबा, टेप तुमी लावली?"

"हाव. तुले करंट नको लागाले."

"साडेतीन व्होल्ट आहे बाबा!"

"व्होल्ट कितीबी असो. काम झालं?"

"कामच नाई केलं."

"मंग शटडाऊन कावून वापस करून राहिली?"

"मी मागितलाच कुठं होता!"

"काल जेवताना. सोल्डर मारा लागते म्हणाली ना?"

"ते मी नुसतं सांगून राहिली होती."

"मेंटेनन्सवाल्याले सांगणं म्हणजे मागणंच होय. हत्यारं मोज."

"बाबा, चौदा मिनिटं राहिली!"

"मोज."

मागे धोंडबाकाका खो-खो हसत होते. तिने मोजली. चिमटा, पेचकस, प्लास्टिकची पट्टी.

"तीन. आणली होती तीनच."

"आत कोणाचा हात?"

"कोणाचाच नाई."

"काढ. माह्या नावानं काढ. अन् टाइम लिहून ठेव."

४.४९. तिने टेप काढली, स्विच चालू केला आणि टाइम खरंच लिहिला.

पाच वाजून एक मिनिट

मोडेम जागा व्हायला वेळ घेतो. मग टॉवर शोधतो, मग सिमकार्ड ओळखतो. दीक्षाने या दहा मिनिटांत उभ्याने भात खाल्ला.

लागला.

"एक मिनिट उशीर," सीमा मॅडम म्हणाल्या. "काय झालं होतं?"

"स्विच बंद होता. मी तीन तास अपडेटला शिव्या देत होते."

पलीकडे कुणीतरी दुसरंही हसलं. "आणि हा झ्झ कसला?"

"अँटेनाची वायर माइकला चिकटून जाते. ती सरकवून मध्ये तांब्याची पट्टी सोल्डर करावी लागेल."

"सरकवा की मग. बोलता बोलता. आम्ही ऐकतो."

दीक्षाने पेचकस उचलला. नोकरी त्याच्या टोकावर बसली होती. तिने तो खाली ठेवला.

"चालू फोनमध्ये मी हात घालत नाही, मॅडम."

झ्झ चालूच होता.

"किती वेळ लागेल?"

"वीस मिनिटं."

"ठेवा मग. करा आणि परत लावा. आम्ही दोघंही बसलोय."

तिने फोन ठेवला, बंद केला, बॅटरी काढली.

"आता तं लागला होता ना!" आईने कपाळावर हात मारला. "मंग ठेवला कावून?"

"बोलू नको आई," दीक्षा म्हणाली. "सोल्डरिंगची पिन बोर्डात लाव तिकडं. ते वाट पाहून राहिले."