बराकीची किल्ली

शांतवनराव साळवे आंघोळीलासुद्धा ती किल्ली गळ्यातून काढत नसत.

किल्ली पिंपरी कॅम्पातल्या एका रिकाम्या लष्करी बराकीची. तिथे दर रविवारी सकाळी आठला ख्रिस्ती मंडळीची उपासना भरे. मंडळी म्हणजे नगरकडून औषधाच्या कारखान्यात कामाला आलेली सतरा-अठरा घरं. शांतवनरावांनी कुलूप उघडायचं आणि सतरंज्या अंथरायच्या, काम एवढंच. पण कुलूप उघडताना ते असा घसा खाकरत की मागे उभ्या असलेल्या पोरांनाही वाटावं, आत स्वर्गच आहे.

मंडळीला अजून कारभार बघणारा पंच नव्हता. महिन्यातून एकदा उपासना चालवायला पुण्याहून लोकलने येणारे पाळकसाहेब या रविवारी पहिला पंच जाहीर करणार होते. किल्ली ज्याच्या गळ्यात, पंचपण त्याच्याच गळ्यात, याबद्दल शांतवनरावांना तिळमात्र शंका नव्हती. तीन वर्षं ते या दिवसाची वाट बघत होते. त्यातून त्या दिवशी साक्षही त्यांनाच द्यायची होती. मंडळीपुढे उभं राहून देवाने आपल्याला काय शिकवलं ते सांगायचं. विषय त्यांनी नामी निवडला होता: आधी देवाचं राज्य, मग बाकी सगळं. आठवडाभर कारखान्याच्या दुरुस्तीखात्यात लेथवर उभं राहून त्यांनी तो पाठ केला होता.

अडचण होती ती फक्त मटणाची.

रविवारी मटण नाही म्हणजे रविवारच नाही, हे त्यांच्या घरात दहा आज्ञांच्या खालोखाल मानलं जाई. इनायत खाटकाचं दुकान सातला उघडे आणि नऊपर्यंत मांडीचं मटण संपून मान नि हाडं उरत. म्हणून शांतवनराव आधी मटण घेत, मग उपासनेला जात. इनायत त्यांना दर रविवारी सांगे, "राव, तुम्ही आधी प्रार्थना करून या. तुमचं दीड शेर मी बाजूला काढून ठेवतो." शांतवनराव नुसते हसत. खाटकाच्या शब्दावर मांडी सोडायला ते काही दूधखुळे नव्हते.

त्या रविवारी तर पाळकसाहेब त्यांच्याच घरी जेवणार होते. तेव्हा मटण आणणं हीसुद्धा देवाचीच सेवा, असा हिशेब त्यांनी मांडला आणि पिशवी उचलली.

"किल्ली माझ्याकडं देऊन जावा," बायको म्हणाली. "उशीर झाला तर मी उघडीन."

"ही काय डाळीच्या डब्याची किल्ली हाय?" शांतवनराव कडाडले.

बायकोचं नाव मार्था. बायबलातल्या मार्थेला स्वयंपाकाच्या धावपळीत प्रभूजवळ बसायला सवड नव्हती. या घरात नाव तिचं होतं आणि धावपळ यांची.

दारातच डोळे मिटून त्यांनी प्रार्थना केली, "प्रभू, दुकानात गर्दी नसू दे." मग ते झपाझप निघाले.

दुकानात गर्दी होतीच, वर बोकड नव्हता. चाकणच्या शनिवारच्या बाजारातून बोकड आणणाऱ्या गाडीचं चाक वाटेत निखळलं होतं. साडेसात झाले. पावणेआठ झाले. रांगेत शांतवनरावांचा नंबर तिसरा. आता रांग सोडली तर मांडी गेली, नाही सोडली तर... पण पाच मिनिटांत गाडी येईलच की! अशी पाच-पाच मिनिटं जोडत त्यांनी आठ वाजवले. साक्ष ओठातल्या ओठात घोकली, तर पहिल्याच वाक्याला जीभ अडखळली. तरी पाय जागचे हलले नाहीत.

पिशवीत मटण पडलं तेव्हा पावणेनऊ झाले होते. ते धोतर सावरत धावत सुटले. मंडळी उन्हात ताटकळली असेल, पाळकसाहेब कुलपाकडे बघत असतील, सगळे म्हणत असतील, शांतवनरावांवाचून अडलं!

वळणावरच भजन ऐकू आलं.

बराकीला कुलूप तसंच होतं. शेजारच्या लिंबाखाली मंडळी बसली होती, बायकांनी पोरांना पदराखाली घेतलं होतं आणि पाळकसाहेब पालथ्या घमेल्यावर बसले होते. अक्षरओळख नसलेल्या सत्तरीच्या यशोदाबाई डोळे मिटून भजन सांगत होत्या आणि सगळे मागून म्हणत होते. इतकं मोकळं गाणं बराकीत कधी झालं नव्हतं. कुणाचंच काही अडलं नव्हतं. शांतवनरावांना गलबलून आलं, आणि त्याचा रागही आला.

भजन संपलं. "या शांतवनराव," पाळकसाहेब म्हणाले. "साक्ष राहिलीय तुमची."

शांतवनराव उभे राहिले. आठवडाभराचं पाठांतर पार पुसलं गेलं होतं.

"मी... इनायतभाईच्या दुकानात होतो," ते म्हणाले.

"ते दिसतंया," यशोदाबाई म्हणाल्या. "पिशवी गळतीया तुमची."

मंडळी खो-खो हसली. मार्थाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"आधी देवाचं राज्य, असं सांगणार होतो," हशा ओसरल्यावर शांतवनराव म्हणाले. "पण माझ्याकडून आधी मटण झालं. आजच न्हाई. तीन वर्षं." एवढं बोलून ते मटकन खाली बसले.

त्यांनी गळ्यातली किल्ली काढून यशोदाबाईंपुढे धरली.

"मला नको बाबा, टोचंल," त्या म्हणाल्या. "लाव तिथं खिळ्याला. जो आधी येईल तो उघडंल."

किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर गेली. पंचाचं पुढच्या खेपेला बघू, असं म्हणून पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला. मग दुपारी दोनदा रस्सा वाढून घेतला.

पुढच्या रविवारी ते हात हलवत उपासनेला गेले. भजनात दोनदा त्यांना मांडी आठवली, पण ते उठले नाहीत. उपासना संपल्यावर, आज हाडंच घ्यायची अशी मनाची तयारी करून ते दुकानाशी आले. फळीवर एक मान तेवढी उरली होती.

त्यांना बघताच इनायतने फळीखालून पळसाच्या पानात बांधलेला पुडा काढला. उलगडून दाखवला. दीड शेर, निव्वळ मांडीचं.

"पण मी तर सांगितलं नव्हतं," शांतवनराव पुटपुटले.

"दर रविवारी ठेवतो, राव. तुम्ही रांगेत दिसलात की मग दुसऱ्याला विकून टाकतो." इनायतने पुडा पुन्हा बांधला आणि त्यांच्या हातात ठेवला. "तीन वर्षं झाली सांगतोय. तुमचा कुणावर भरवसाच नाही."